कृषी सल्ला: कलिंगडाचा मल्चिंग पेपर भुईमुगाला चालेल का?

जत तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने विचारलंय: "साहेब, दोन एकर उन्हाळी भुईमूग ठिबकवर करायचाय. विहीर एप्रिलमध्ये दिवसाला दोन तासच चालते. कलिंगडाचा 25 मायक्रॉनचा कागद शिल्लक आहे, तोच अंथरू का? का उसाचं पाचट टाकू?"

आधी कागदाचं, म्हणजे प्लास्टिकच्या आच्छादनाचं. तो अंथरू नका. कलिंगड कागदावर पोसतं, भुईमुगाची आरी (फुलानंतर जमिनीकडे वाढणारा, टोकाला शेंग धरणारा दांडा) मात्र जमिनीत शिरल्याशिवाय शेंग धरत नाही. 7 मायक्रॉनचा पातळ कागद आरी भेदून जाते, 25 चा नाही. असा एक प्लॉट मी पाहिलाय. पाला हिरवागार, बघणारा खूश. उपटल्यावर शेंगा फक्त छिद्रांच्या आसपास, बाकीच्या आऱ्या कागदावरच वाळलेल्या. फुकटचा कागद महागात पडला.

कागद वापरायचाच तर 7 मायक्रॉनचा घ्या. चार फुटांवर सऱ्या पाडून 90 सेंमी रुंदीचे गादीवाफे करा. शेणखत, खत आणि जिप्सम कागदाआधीच मातीत मिसळा. एरवी निम्मं जिप्सम आऱ्या सुटताना देतो, इथे ती सोय राहत नाही. पारदर्शक कागद घेतलात तर खाली तण माजतं, म्हणून अंथरण्याआधी पेंडिमिथॅलिन हे तणनाशक लेबलवरच्या प्रमाणात फवारा. पेरणी 15 फेब्रुवारीच्या आत उरका. थंडीत माती गरम राहून उगवण चांगली होते, हा कागदाचा पाण्याइतकाच मोठा फायदा.

आता पाणी. 200 लिटरचं बॅरल मोटारीखाली धरून किती सेकंदात भरतं ते मोजा. 40 सेकंदात भरलं तर तासाला 18 हजार लिटर, दोन तासांत 36 हजार. एकरावर एक मिलिमीटर पाणी म्हणजे सुमारे 4 हजार लिटर. एप्रिलच्या उन्हात रोजची गरज 5 ते 6 मिमी धरली, तर एकराला 20 ते 24 हजार लागतील. दोन एकर बसत नाहीत. कागदाने बाष्पीभवन घटेल हे खरं, पण त्या भरवशावर एकर वाढवू नका, मे महिन्यात विहीर आणखी खाली जाते. एकच एकर करा. मुरमाड रानात वाफ्यावर ठिबकच्या दोन नळ्या टाका, भारी जमिनीत एकीवर भागू शकतं.

पाणी तुटलंच तर फुलोरा (पेरणीनंतर 22 ते 30 दिवस), आऱ्या सुटणं (40 ते 45) आणि शेंगा पोसणं (65 ते 70) या तीन वेळा चुकवू नका. आधीमधी थोडा ताण चालेल.

पाचट कागदापेक्षा स्वस्त, पण फक्त दोन ओळींच्या मधे आणि पातळ टाका. झाडाच्या बुडाशी जाड थर झाला की आऱ्या त्यातच अडकतात. रानात वाळवी असेल तर पाचटाच्या वाटेला जाऊच नका.

ठिबकच्या अनुदानासाठी राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करा आणि पूर्वसंमती हातात आल्यावरच संच घ्या. आधी फाडलेलं बिल चालत नाही.