झेडचं मेडल, टिगाची पृथ्वी

प्रश्न : ‘अल्ट्रामॅन’ या महाकाय वीरांच्या जपानी मालिकांपैकी मुलाने आधी ‘अल्ट्रामॅन झेड’ पाहिलं, मग ‘टिगा’ लावलं. झेड उठता-बसता झिरो या दुसऱ्या अल्ट्रामॅनला गुरू म्हणतो. टिगात मात्र झिरो सोडाच, एम-७८ या अल्ट्रामॅनांच्या मूळ गावाचंही नाव कुणी काढत नाही. पण महाद्वार रोडवरून आणलेल्या खेळण्यात टिगाचं मेडल झेडच्या रूप बदलायच्या यंत्रात बसतं! दोघांचं जग एकच का? आणि पाहायचं कुठल्या क्रमाने?
– एक पालक, राजारामपुरी

उत्तर : जग एक नाही. दोनही नाहीत, बरीच आहेत.

१९६६चा पहिला ‘अल्ट्रामॅन’ ते १९८०चा ‘अल्ट्रामॅन ८०’ ही एम-७८ची भावकी. काही सख्खे, काही चुलत, बरेच नुसते मानलेले भाऊ, पण पृथ्वी सगळ्यांची एकच. २००६चा ‘मेबियस’ थेट त्यांच्या पुढचा. त्यात जुना राक्षस उगवला की गाइज या राक्षसांशी लढणाऱ्या पथकाच्या पडद्यावर ‘डॉक्युमेंट झॅट’ किंवा ‘डॉक्युमेंट यूजीएम’ अशी नोंद येते. झॅट हे ‘टारो’मधलं पथक, यूजीएम ‘८०’मधलं. इतका नीट घातलेला सांधा या मालिकांत विरळाच.

१९९६च्या ‘टिगा’ने पाटी कोरी केली. त्याचा एम-७८शी संबंध नाही; तो त्याच्या कथेतल्या वेगळ्या पृथ्वीवरचाच, फार प्राचीन काळातला. ‘डायना’ (१९९७) त्याच जगात, काही वर्षांनंतर. ‘गाया’ (१९९८) पुन्हा वेगळ्या जगात.

आता मेडलं. मुलाला झेडच्या तीन रूपांची मेडलं मांडायला सांगा. अल्फा एजला झिरो, सेव्हन, लिओ लागतात : मुलगा, बाप आणि मुलाचा गुरू. बीटा स्मॅशला पहिला अल्ट्रामॅन, एस, टारो, हेही भावकीतलेच. गॅमा फ्युचरला टिगा, डायना, गाया, म्हणजे तिघेही बाहेरचे. मेडलातून शक्ती उसनी मिळते, त्यावरून कथा एकाच जगातली ठरत नाही. घोटाळा होतो तो इथेच. वर झेड स्वतः एम-७८चा असला, तरी तो उतरतो ती पृथ्वी ‘मेबियस’ची नव्हे. एका विश्वातून दुसऱ्यात जाण्याची वाट २०१०च्या झिरोच्या चित्रपटाने रुळवली, म्हणून त्यानंतरच्या मालिकेत नायकाचं गाव आणि कथेची पृथ्वी वेगवेगळी तपासावी.

क्रम : झेडचे धागे पकडायचे तर २००९चा चित्रपट (झिरो आणि खलनायक अल्ट्रामॅन बेलिअल दोघेही तिथूनच येतात), मग २०१०चा, मग ‘ऑर्ब’ (‘झेड’मध्येही येणाऱ्या जग्लरसाठी), ‘जीड’ (बेलिअलच्या मुलासाठी) आणि पुन्हा ‘झेड’. तिन्ही मालिका पंचवीस-पंचवीस भागांच्या. रोज एक भाग पाहिला तर अडीच महिने. ‘टिगा’ आणि ‘डायना’ कधीही पाहा, फक्त टिगा आधी. २००८च्या चित्रपटात टिगा आणि जुने अल्ट्रामॅन एकत्र दिसतात, त्यावरून जगांचा हिशेब मांडू नका. तिथे हायाता (पहिल्या अल्ट्रामॅनचं मानवी रूप), डॅन (सेव्हनचं) ही साधी माणसं आहेत आणि अल्ट्रामॅन ही टीव्हीवरची मालिका!

प्रश्न : ‘लिओ’च्या पहिल्याच भागात सेव्हनचा पाय मोडतो, त्याला रूप बदलता येत नाही. पुढे तो ठणठणीत कसा?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : बरा कसा झाला, हे ‘लिओ’मध्ये दाखवलेलंच नाही. चाळिसाव्या भागात मॅक या पथकाचा तळ नष्ट होतो आणि डॅनही दिसेनासा होतो. ‘मेबियस’मध्ये तो धडधाकट येतो. ही गाळलेली जागा आहे, तुमचा भाग चुकलेला नाही. त्याच डॅनने लिओला घडवलं आणि २००९मध्ये लिओने डॅनच्या मुलाला, झिरोला. भरपाई म्हणायची तर ही.

प्रश्न : ‘ट्रिगर’ हा टिगाचा पुढचा भाग ना?
– एक विद्यार्थी, कागल

उत्तर : नाही. टिगाला २५ वर्षं झाली म्हणून २०२१मध्ये त्याच्या खुणा घेऊन काढलेली वेगळी कथा, वेगळी पृथ्वी. ‘ट्रिगर’चा खरा पुढचा भाग ‘डेकर’ (२०२२).

प्रश्न : ‘अल्ट्रामॅन जॅक’ नावाची मालिका कुठेच सापडत नाही.
– एक वाचक, शाहूपुरी

उत्तर : त्या नावाची मालिकाच नाही. ‘रिटर्न ऑफ अल्ट्रामॅन’ (१९७१) शोधा. जॅक हे नाव त्याला १९८४मध्ये मिळालं. मालिकेत त्याला नुसतं अल्ट्रामॅनच म्हणतात. घाई असेल तर ३७ आणि ३८ हे भाग जोडीने पाहा. अडतिसाव्यात पहिला अल्ट्रामॅन आणि सेव्हन त्याला सोडवायला येतात, म्हणजे हा नवा आणि तो पहिला, हे दोघे वेगळे याचा पुरावा पडद्यावरच मिळतो.