बाबा २०२१ मध्ये कोरोनाने गेले, आई अजून त्याच दिवसांत अडकलीये, हे नॉर्मल आहे का?

मी डॉक्टर नाही, ऐरोलीत राहतो, पण तुम्ही आईबद्दल जे लिहिलंय ते आमच्या घरात झालंय म्हणून उत्तर देतोय.

एप्रिल २०२१ मध्ये माझे काका गेले. ॲम्ब्युलन्स सोसायटीच्या गेटवर आली, काका पिशवी घेऊन स्वतः चालत जाऊन बसले, काकूला बरोबर येऊ दिलं नाही आणि मग सहा दिवस नुसता फोन, तोही लागला तर. शेवटी आम्ही दोघंच पीपीई घालून लांब उभे, बॉडी बांधलेली, तोंडसुद्धा बघता आलं नाही.

आपल्याकडे माणूस गेला की शेजारून पिठलं-भात येतो, तेराव्यापर्यंत घर भरलेलं असतं, येणारा प्रत्येक जण तेच विचारतो, कसं झालं, शेवटचं काय बोलले, आणि घरचे तेच तेच सांगतात. मला आधी हे सगळं उगाच वाटायचं, आता वाटतं त्या सांगण्यातच दुःख थोडं थोडं पचत असतं. काकूला ते मिळालंच नाही, आम्ही सगळे क्वारंटाइन, शेजारच्या वहिनी डबा दाराबाहेर स्टुलावर ठेवून बेल मारून जायच्या (त्यांची चूक नाही, तेव्हा सगळेच घाबरलेले).

पुढची दोन वर्षं काकू वरून ठीक दिसायची पण ऑक्सिमीटर कायम उशाशी, कोणी खोकलं की लगेच बोटाला लावायची, आणि एकच प्रश्न, "अरे, शेवटी ह्यांच्याजवळ कोण होतं?" आम्ही म्हणायचो जाऊ दे ना काकू, किती तेच तेच. हे आमचं फार चुकलं, ती बोलायला बघत होती आणि आम्ही गप्प करत होतो.

दुःख वर्षभरानंतरही तेवढंच तीव्र असेल आणि रोजचं जगणं त्यात अडत असेल तर त्याला प्रोलाँग्ड ग्रीफ म्हणतात, अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या मॅन्युअलमध्ये २०२२ मध्ये ते वेगळं निदान म्हणून आलं. म्हणजे आई कमकुवत आहे असं अजिबात नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही सांगितलं होतं की कोरोनाच्या पहिल्या वर्षात जगभर चिंता आणि डिप्रेशन २५ टक्क्यांनी वाढलं, त्यामुळे तुमचंच घर असं आहे असं समजू नका.

काकूला आम्ही ठाण्यात एका समुपदेशक बाईंकडे नेलं, पहिले दोन-तीन वेळा त्यांनी फक्त ऐकून घेतलं आणि तेवढ्यानेही तिची झोप जरा सुधारली. आई बाहेर जायला तयार नसेल तर सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. जेवणखाण सुटलं असेल किंवा जगून काय करू असं बोलत असतील तर मात्र वाट बघू नका, डॉक्टरकडे न्याच.

आणि घरी तुम्ही स्वतः विषय काढा. कुठून सुरुवात करायची कळत नसेल तर बाबा हॉस्पिटलला गेले त्या सकाळी काय खाऊन गेले होते एवढंच विचारा, काकू माझ्याशी पहिल्यांदा मोकळी बोलली ती ह्याच प्रश्नावर, अर्धी वाटी उपमा, आणि मग रात्री दोनपर्यंत बोलत होती.