'फ्रेंच सवलत' की 'फ्रेंच भाडेहद्द'?

प्रश्न असा आहे : शांघायच्या इतिहासावरच्या एका अनुवादात 'फ्रेंच सवलत' असा शब्द पानोपानी येतो. मूळ शब्द 'कन्सेशन', म्हणजे चिनी बंदरातली परदेशी अमलाखालची वस्ती. हे मराठी बरोबर आहे का? आणि तिथल्या 'बंड'चे, म्हणजे नदीकाठच्या प्रसिद्ध रस्त्याच्या नावाचे, काय करावे?

'सवलत' अजिबात नको. ती वाचली की एसटीचे अर्धे तिकीट आठवते. इथे मामला जमिनीचा आहे. इंग्रजी शब्दकोश बाजूला ठेवून चिनी शब्दच पाहू. तो आहे 'त्सू-च्ये'. त्सू म्हणजे भाडे, च्ये म्हणजे सीमा.

१८४२च्या नानकिंगच्या तहाने पाच बंदरे ब्रिटिश व्यापाऱ्यांना खुली झाली, त्यांत शांघाय एक. व्यापाऱ्यांना घरांना, गोदामांना जागा हवी होती. पण जमीन म्हणजे तत्त्वतः बादशहाची मालमत्ता, ती परक्याला विकायची कशी? तोड निघाली 'युंग-त्सू', म्हणजे कायमचे भाडे. १८४५ साली शांघायच्या ताओताईने (तिथला चिनी अधिकारी) जमिनीचे नियम जाहीर केले. व्यापाऱ्याने मूळ मालकाला अनामत द्यायची आणि सरकारात दरसाल, दर मूला तांब्याची १५०० नाणी भरायची. शांघायचा मू म्हणजे आपले साधारण साडेसहा गुंठे. खरी मेख पुढेच आहे : व्यापाऱ्याला नकोशी झाली तर जमीन परत करून अनामत मागता येई, मालकाला मात्र आपल्या मर्जीने भाडेकरार मोडता येत नसे. नाव भाडेकरूचे, रुबाब मालकाचा. पागडीच्या खोलीत वाढलेल्या मुंबईकराला हे समजावून सांगायला नको.

या व्यवहाराचा कागद म्हणजे 'ताओ-छी', ताओताईच्या शिक्क्याचा. त्याची नोंद परदेशी वकिलातीतही होई, म्हणून त्याची पत इतकी वाढली की पुढे चिनी जमीनदारही आपली जमीन परदेशी माणसाच्या नावावर चढवून हा कागद मिळवू लागले. याला मी बेलाशक 'पट्टा' म्हणेन. मराठीत पट्टा म्हणजे व्यवहारही आणि त्याचा कागदही. 'मक्ता' आणि 'इजारा' इथे चालणार नाहीत, त्यांना वसुलीच्या ठेक्याचा वास आहे. 'कौल' मोह घालतो, कारण पेठ वसवायला येणाऱ्या व्यापाऱ्यांना पेशवाईत कौलच दिला जाई. पण आज कौल म्हटले की निवडणूक तरी आठवते, नाहीतर छप्पर.

सगळ्या बंदरांत शांघायसारखे नव्हते. कँटनच्या शामीन बेटावर ब्रिटिश सरकारनेच जागा भाड्याने घेतली आणि १८६१मध्ये भूखंडांचा लिलाव करून ते ९९ वर्षांच्या कराराने व्यापाऱ्यांना दिले. तिथे 'पोटभाडेपट्टा' हा आपल्या दस्तांतला शब्द चपखल बसतो.

तेव्हा 'कन्सेशन'ला 'भाडेहद्द' म्हणावे. शब्द घडवलेला आहे, कबूल. पण 'हद्द' मुद्दाम घेतली आहे. पोलीस ठाण्याची असते ती हद्द. १८४९पासूनच्या फ्रेंच वस्तीत पुढे पोलीस फ्रेंचांचे होते आणि नगरपालिकाही. नुसते भाडे म्हटले तर ही सत्ता निसटते, नुसती 'वसाहत' म्हटली तर भाडे निसटते.

आता 'बंड'. १८४५च्या नियमांत नदीकाठची, नावा ओढून नेण्याची वाट मोकळी सोडायला सांगितले होते. त्याच काठावर पुढे तो प्रसिद्ध रस्ता झाला. त्याचे नाव चिनी नव्हे. फारसीतला 'बंद' हिंदुस्थानात रुळला, आणि इथून इंग्रजांबरोबर चीनला गेला. अर्थ बांध. पुण्याचे बंड गार्डनही त्याच शब्दाचे, बंडखोरीशी त्याचा काही संबंध नाही. तिथला बांध ज्यांच्या देणगीतून झाला, त्या जमशेटजी जीजीभाईंची संपत्ती कँटनच्या व्यापारातली. शब्द चीनला गेला, पैसा तिकडून इकडे आला. म्हणून अनुवादात 'बंड' तसाच राहू द्या. फक्त पहिल्यांदा येईल तिथे 'नदीकाठचा बांध' एवढे जोडा.