चेष्टा म्हणजे कुचेष्टा नव्हे

खानापूरच्या एक बाई विचारतात : लेक पुण्यात दिलीय. जेवताना ती सासूबाईंना सहज म्हणाली, "मामंजी माझी चेष्टा करूलायत." सासूबाईंचा चेहराच उतरला. आम्ही बेळगावकडचे हा शब्द चुकीचा वापरतो का?

अजिबात नाही. सासूबाईंचे कान बातम्यांनी बिघडवलेत. 'शेतकऱ्यांची क्रूर चेष्टा' हा मथळा वाचून वाचून लोकांना वाटायला लागलं, की चेष्टा क्रूरच असते. अहो, मुळात क्रूर असती तर 'क्रूर' वेगळं कशाला लावावं लागलं असतं? आणि 'कुचेष्टा'तला 'कु' काय शोभेला आहे?

थट्टा, टिंगल यांच्या उगमात शिरत नाही. मस्करी अरबी 'मस्खरा'ची. पाणिनीच्या दंडधारी 'मस्करिन्' संन्याशाशी तिचं गोत्र जुळवणाऱ्यांशी वाद घालणं मी सोडलंय.

चेष्टेची गंमत धातूत आहे. संस्कृत 'चेष्ट्' म्हणजे हालचाल करणं. म्हणून बेशुद्ध माणूस 'निश्चेष्ट' पडतो, म्हणून 'माकडचेष्टा'. थोडक्यात, चेष्टा तोंडाने नव्हे, अंगाने करायची. आमच्या बेळगावच्या रविवार पेठेत बघा. एक हमाल पोतं घेऊन वाकून चाललेला, दुसरा रिकाम्या पाठीने मागून हुबेहूब तसाच वाकलेला, तोच डावा पाय ओढत. पहिला वळून बघतो, पोतं टाकतो आणि त्याच्यावरच बसून हसतो. अख्ख्या प्रकारात शब्द एकही नाही. 'साहित्यदर्पण' या संस्कृत काव्यशास्त्राच्या ग्रंथात विश्वनाथानेही हास्याच्या कारणांत आकार, वाणी, वेष यांच्या पंगतीला विकृत चेष्टा बसवलीय.

मग ही नाकं का मुरडतात? माझं मत असं : भरताने नाट्यशास्त्रात हसण्याचे सहा प्रकार केले आणि उत्तम, मध्यम, अधम पात्रांना दोन दोन वाटून दिले. उत्तमांचं स्मित, दातसुद्धा दिसायचे नाहीत. अधमांचं 'अपहसित' म्हणजे डोळ्यांत पाणी, खांदे आणि डोकं गदगदा हलतंय. 'अतिहसित' म्हणजे हातांनी बरगड्या धरून. जितकं अंग हललं तितकी पायरी खाली! दिवाणखान्यात 'विनोद' झाला आणि अंगाची चेष्टा पेठेत राहिली ती तेव्हापासून. दोन हजार वर्षांचा हिशोब मी फार झटपट उरकतोय हे कळतंय मला, तरी मत बदलणार नाही.

एका कोशप्रेमी मित्राने 'कानडीचा परिणाम' म्हणून सगळं झटकलं. कानडीत 'चेष्टे' म्हणजे खोडी, मान्य. खरं (आमच्याकडचं 'खरं', म्हणजे तुमचं 'पण') कानडीनेही तो संस्कृतातूनच उचललाय. शेजारणीने त्याच दुकानातून साडी घेतली म्हणून आपली तिच्याकडून उसनी आणलेली ठरते काय?

राहता राहिले मामंजी. त्यांनी नेमकं काय केलं ते बाईंनी लिहिलेलंच नाही. नुसते बोलले असतील तर थट्टा म्हणा. सुनेच्या भात कालवण्याची नक्कल करून दाखवली असेल, तर मुलीचा शब्द अगदी चपखल आहे.