‘दिनक्रम’ आणि ‘दिनचर्या’ एकच का?

वाशीच्या एका ताईंनी विचारले आहे की ‘दिनक्रम’ आणि ‘दिनचर्या’ या शब्दांच्या अर्थांत काही फरक आहे का. पित्ताच्या तक्रारीसाठी त्या वैद्यांकडे गेल्या, तेव्हा चिठ्ठीवर औषधांच्याही वर ‘दिनचर्या सांभाळावी’ अशी ओळ लिहिलेली होती. ‘माझी दिनचर्या बारा वर्षे ठरलेली आहे. पाचला उठणे, डबे, सातची ठाण्याची गाडी, रात्री साडेदहाला जेवण आणि लगेच झोप, यात एका दिवसाचाही फरक पडत नाही,’ असे त्यांनी सांगितले. त्यावर वैद्य म्हणाले, ‘हा तुमचा दिनक्रम झाला. दिनचर्येचे आपण अजून बोललोच नाही.’

वैद्यांनी केलेला हा भेद भाषेच्या अंगानेही योग्य आहे, असे माझे मत आहे.

व्युत्पत्तीत मात्र तो सापडत नाही. ‘क्रम’ हा ‘क्रम्’ म्हणजे पाऊल टाकणे या धातूपासून आला आणि ‘चर्या’ ही ‘चर्’ म्हणजे चालणे, फिरणे या धातूपासून. दोन्ही शब्द मुळात चालण्याचेच आहेत. पुढे त्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. ‘क्रम’ शब्दात एकामागून एक येण्याचा अर्थ स्थिरावला, तर ‘चर्’ धातू वागण्याकडे वळला आणि त्यातून आचार, आचरण, ब्रह्मचर्य, परिचर्या, परिचारिका असे शब्द मराठीला मिळाले. (गुरे चरतात ती याच धातूने. ‘त्याची चर्या उतरली’ म्हणताना आपण चेहऱ्याविषयी बोलतो, तो अर्थ येथे बाजूला ठेवावा.)

फरक खरा उघड होतो तो क्रियापदांत. दिनक्रम असतो, चालतो, बिघडतो, पुन्हा सुरळीत होतो. दिनचर्या पाळायची असते, आचरायची असते, सांभाळायची असते. ‘दिनक्रम पाळतो’ असेही क्वचित कानी पडते, पण ‘माझा दिनक्रम फार वाईट आहे’ हे वाक्य जितके सहज वाटते तितके ‘माझी दिनचर्या फार वाईट आहे’ हे मला वाटत नाही, कारण दिवस कसा जातो हे दिनक्रम सांगतो आणि तो कसा घालवावा हे दिनचर्या सांगते.

आयुर्वेदात हा शब्द याच अर्थाने रुजला आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या ग्रंथात सूत्रस्थान या पहिल्या भागाचा दुसरा अध्याय दिनचर्येचा आणि तिसरा ऋतुचर्येचा आहे. दिनचर्येचा आरंभ ‘ब्राह्मे मुहूर्त उत्तिष्ठेत् स्वस्थो रक्षार्थमायुषः’ असा होतो, म्हणजे स्वस्थ माणसाने आयुष्याच्या रक्षणासाठी ब्राह्ममुहूर्तावर उठावे. मुहूर्त 48 मिनिटांचा असतो आणि ब्राह्ममुहूर्त सूर्योदयापूर्वी दोन मुहूर्त सुरू होतो. ठाण्यात जानेवारीच्या मध्यावर सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो, म्हणजे ही वेळ साडेपाचनंतर येते. जूनच्या आरंभी सूर्योदय सहाच्या सुमारास असल्याने ती साडेचारच्याही थोडी आधी येते. ताईंचा पाचचा गजर बारा महिने एकच राहतो, चर्या मात्र सूर्याबरोबर सरकते. व्यायामाचेही तसेच आहे: थंडीत आणि वसंतात बलवानाने अर्ध्या शक्तीने करावा आणि इतर ऋतूंत त्याहून सौम्य, असे तेथे सांगितले आहे.

याच अध्यायात दंतधावन, अंजन, अभ्यंग, स्नान यांच्या पुढे माणसाने वागावे कसे हे येते. वेळ पाहून, हिताचे आणि मोजके बोलावे, किडामुंगीलाही आपल्यासारखेच मानावे. घड्याळाचे कोष्टक एवढाच अर्थ असता, तर या गोष्टींना तेथे जागा मिळाली नसती. मला हे फार मोलाचे वाटते.

दिनचर्येच्या त्या पहिल्या ओळीतला ‘स्वस्थ’ शब्द मराठी वाचकाला चकवतो. ‘जरा स्वस्थ बस’ असे आपण चुळबुळणाऱ्या मुलाला म्हणतो, म्हणजे आपल्याकडे स्वस्थ म्हणजे शांत, निवांत. वाग्भटाचा स्वस्थ म्हणजे निरोगी. दिनचर्या आजाऱ्याच्या उपचाराची नसून निरोग्याच्या आयुष्याच्या रक्षणाची आहे, हे या एका शब्दामुळे कळते.

हिंदीत ‘दिनचर्या’ हा शब्द कोणत्याही रोजच्या व्यवहाराला सर्रास लावतात आणि तो वापर आता मराठी बातम्यांतही उतरला आहे. त्याला चूक म्हणण्याचा माझा आग्रह नाही, पण ‘दैनंदिन दिनचर्या’ हा प्रयोग टाळावा, कारण ‘दिन’ त्यात आधीच आहे. शिवाय मराठीत नेम, नित्यनेम, आन्हिक, परिपाठ असे शब्द आहेतच. ठाण्याच्या मासुंदा तलावाच्या काठी पहाटे भेटणारे एक आजोबा सांगतात, ‘तलावाला दोन फेऱ्या आणि मग कौपिनेश्वराचे दर्शन, हा आमचा तीस वर्षांचा परिपाठ.’ शाळेतल्या प्रार्थनेच्या तासापुरता उरत चाललेला हा शब्द त्यांच्या तोंडी किती भरघोस वाटतो.

तेव्हा ताईंनी पुढच्या खेपेस वैद्यांना ‘माझा दिनक्रम असा आहे, यात दिनचर्या कशी बसवू?’ असे विचारावे. त्या वाक्यात दोन्ही शब्द आपापल्या अर्थाने येतील आणि रात्री साडेदहाच्या जेवणाचा विषयही निघेल.