वाचकांचे प्रश्न : काळवंडलेला लेपर्ड आणि रणगाडा-मॉडेलच्या इतर शंका

प्रश्न : मी 1/35 प्रमाणातला जर्मन लेपर्ड 2ए6 रणगाडा जोडला. सूचनापत्रकात दिलेले नाटो हिरवा, तपकिरी आणि काळा हेच रंग एअरब्रशने मारले, वॉश, म्हणजे खाचांत उतरणारा पातळ गडद रंग, दिला आणि वर मॅट वार्निश मारले. आता कपाटात ठेवल्यावर तिन्ही रंग एकमेकांत मिसळून नुसता काळा ठोकळा दिसतो. मला रंग चुकीचे मिळाले आहेत का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : आपले रंग बरोबर आहेत आणि मॉडेल काळे दिसण्याचे कारणही तेच आहे. जर्मन सैन्याच्या या तिरंगी छद्मावरणाला आरएएल या प्रमाणित रंगांच्या तक्त्यातले ठरलेले क्रमांक आहेत : हिरवा 6031, तपकिरी 8027 आणि काळा 9021. मात्र हे रंग तोफेच्या नळीसह सुमारे अकरा मीटर लांबीच्या, उघड्या माळावर उभ्या राहणाऱ्या यंत्रासाठी ठरवलेले आहेत. आपले मॉडेल जेमतेम 31 सेंटीमीटरचे आहे आणि ते घरातल्या दिव्याखाली ठेवलेले आहे. साठ सेंटीमीटरवरून मॉडेल पाहणे म्हणजे खरा रणगाडा 21 मीटरवरून पाहण्यासारखे असते, आणि तेवढ्या अंतरावर आकाशाचा उजेड व अंगावर बसलेली धूळ मिळून खऱ्या रणगाड्याचा रंग बराच फिका करून टाकतात. त्यात वॉशचा प्रत्येक हात रंग आणखी गडद करतो, हा हिशेब सुरुवातीला कोणीच धरत नाही; मीही पहिली तीन-चार मॉडेले अशीच काळी करून ठेवली होती.

पुढच्या वेळी मूळ रंगच फिका घ्यावा. त्यासाठी पांढरा मिसळू नये, कारण त्याने हिरवा रंग दह्यात कालवलेल्या पुदिन्याच्या चटणीसारखा दिसू लागतो. हिरव्याच्या चार थेंबांना बफचा, म्हणजे फिकट मातकट पिवळ्याचा, एक थेंब हे प्रमाण मला मानवले आहे. काळ्याऐवजी गडद राखाडी वापरावा आणि चाकांवरच्या रबरालाही तोच द्यावा. शुद्ध काळा फक्त नळीच्या तोंडात आतून लावावा. दोन रंगांमधली कड एअरब्रशने फार धूसर करू नये. खऱ्या रणगाड्यावर ती तीन सेंटीमीटर पसरलेली असली, तरी या प्रमाणात ती एक मिलिमीटरही भरत नाही.

हातातले मॉडेल मात्र टाकून देऊ नका. चित्रकलेच्या दुकानात मिळणारा बफ किंवा नेपल्स यलो तैलरंग पुठ्ठ्याच्या तुकड्यावर काढून अर्धा तास तसाच ठेवावा, म्हणजे त्यातले जवसाचे तेल पुठ्ठा शोषून घेतो. नंतर टरेटच्या, म्हणजे तोफेच्या फिरत्या बुरुजाच्या, छतावर आणि पुढच्या उतारावर टाचणीच्या डोक्याएवढे ठिपके देऊन, टर्पेंटाइनमध्ये बुडवून कापडाला जवळजवळ कोरडा पुसलेला चपटा ब्रश त्यांवरून फिरवावा. उभ्या बाजूंवर वरून खाली आणि छतावर गोलाकार. ठिपका दिसेनासा होऊन तिथे फिकेपणा उरला की थांबावे. दोन रंग पुन्हा वेगळे दिसायला एवढे पुरते.

प्रश्न : वॉश दिल्यानंतर दुसऱ्या दिवशी चाकांच्या दांड्या आपोआप तडकल्या आणि तीन चाके गळून पडली. असे का झाले?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : इनॅमल वॉशमधला टर्पेंटाइनसारखा द्रव ताणाखाली असलेल्या पॉलिस्टायरीनमध्ये शिरला की प्लास्टिक ठिसूळ होते. चाकांच्या दांड्यांवर घट्ट पट्ट्यांचा ताण सतत असतो, आणि मॉडेल सरळ उभे ठेवल्यामुळे सगळा वॉश वाहत येऊन तिथेच साठतो. तळाच्या बाजूला बहुतेकदा ना प्रायमर मारलेला असतो ना वार्निश, कारण ती बाजू कोणी पाहत नाही असे आपण धरून चालतो. यापुढे तळालाही प्रायमर, रंग आणि ग्लॉस वार्निश असे तिन्ही थर द्यावेत, वार्निशला दोन दिवस सुकू द्यावे आणि वॉश सगळीकडे न ओतता बारीक ब्रशने खाचांत व बोल्टांभोवती तेवढाच सोडावा. तुटलेल्या दांड्यांमध्ये अर्धा मिलिमीटरचे भोक पाडून पितळी तार बसवली, तर जोड मूळ दांडीपेक्षा मजबूत होतो.

प्रश्न : जुलै महिन्यात मारलेले मॅट वार्निश पांढरट झाले आणि टरेटवरच्या काळ्या क्रॉसच्या डेकलभोवती (पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील चित्राभोवती) चंदेरी कडा दिसू लागल्या. उपाय सुचवावा.
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : हे दोन वेगळे दोष आहेत. पांढरटपणा पावसाळी हवेमुळे आला आहे. थिनर झपाट्याने उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि हवेतली वाफ ओल्या थरावर बसते. कोरड्या दिवशी ग्लॉस वार्निशचा एक हात दिल्यास पांढरटपणा पुष्कळदा निघून जातो, त्यानंतर मॅटचा हात पुन्हा द्यावा. कोकणात त्यासाठी ऑक्टोबरची वाट पाहणे उत्तम, आणि तोवर पट्टे किंवा सैनिकांच्या आकृत्या रंगवून ठेवता येतात. चंदेरी कड ही डेकलखाली अडकलेली हवा आहे, कारण डेकल खरखरीत मॅट रंगावर लावले गेले. ते नेहमी ग्लॉस वार्निशवर लावावे. लावलेले असल्यास सुईने बारीक टोचून डेकल मऊ करणारा द्रव दोन-तीनदा सोडावा; कडा बऱ्याच अंशी बसतात.

प्रश्न : मेंग कंपनीच्या रशियन टी-90ए किटमधून भारतीय टी-90 भीष्म करता येईल का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : येईल, पण थोडी कापाकापी करावी लागेल. रशियन रणगाड्याच्या तोफेच्या दोन्ही बाजूंना जे श्तोरा या क्षेपणास्त्रांना चकवणाऱ्या यंत्रणेचे लाल 'डोळे' असतात, ते भारतीय भीष्मवर नाहीत. त्या जागी स्फोटक कवचाच्या, म्हणजे मारा झाल्यावर स्वतः फुटून तो अडवणाऱ्या कवचाच्या, विटा आहेत. त्या प्लास्टिक पत्र्यातून कापून कराव्या लागतील, आणि हे काम टरेट रंगवण्यापूर्वीच उरकावे.