‘पहिल्यांदाच’ लिहिण्यापूर्वी

प्रश्न : हर्नियाच्या शस्त्रक्रियेत जाळी बसवण्याची एक पद्धत मी सात वर्षांपूर्वी अकरा रुग्णांच्या अनुभवासह प्रसिद्ध केली. नुकत्याच आलेल्या एका शोधनिबंधात तीच पद्धत ‘आमच्या माहितीनुसार पहिल्यांदाच’ म्हणून मांडली असून संदर्भसूचीत माझा निबंध नाही. याला चोरी म्हणावे का? तक्रार केली तर तो कोतेपणा ठरेल का?

उत्तर : कोतेपणा मुळीच नाही, मात्र चोरीचा आरोप करण्याची घाई करू नका. मजकूर किंवा चित्रे उचललेली असतील तर ते वाङ्मयचौर्यच होय. पण पुष्कळदा लेखक आपल्या पद्धतीला स्वतःच दिलेल्या नावाने शोध घेतात आणि तीच कृती दुसऱ्या नावाने नोंदवणारा जुना निबंध त्यांच्या हाती लागत नाही. हा हलगर्जीपणा आहे, आणि तो क्षम्य आहे असे मला वाटत नाही.

प्रश्न केवळ मानाचा असता तरी तो लहान नव्हता. एरिक म्यूहे यांनी १२ सप्टेंबर १९८५ रोजी जर्मनीत दुर्बिणीद्वारे पित्ताशय काढले आणि १९८६ मध्ये जर्मन शल्यचिकित्सकांच्या परिषदेत ते मांडले, तरी अनेक वर्षे पहिलेपणाचा मान १९८७ मध्ये फ्रान्समध्ये ही शस्त्रक्रिया करणाऱ्या फिलिप मूरे यांनाच दिला जात होता. परंतु आधीचे काम न पाहण्याची खरी किंमत रुग्ण मोजतो. हृदयशस्त्रक्रियेतील रक्तस्राव कमी करणाऱ्या ॲप्रोटिनिन या औषधावर १९८७ ते २००२ या काळात ६४ चाचण्या प्रसिद्ध झाल्या. सर्व निकाल एकत्र मांडल्यावर दिसले की, त्याचा हा परिणाम १९९२ मध्ये, बाराव्या चाचणीपर्यंतच स्पष्ट झाला होता. तरीही पुढे रुग्णांना हे औषध न देता तुलनेच्या गटात ठेवणे चालूच राहिले. सर्वांत मोठ्या चाचणीनंतर आलेल्या ४४ निबंधांपैकी अवघ्या ७ निबंधांनी तिचा उल्लेख केला होता. (सुरक्षिततेच्या कारणावरून हे औषध पुढे वादात सापडले, पण तो मुद्दा निराळा.)

आता तुमच्यापुरते. दोन्ही निबंध शेजारी ठेवून छेद कोठे घेतला, जाळी कोणत्या थरात ठेवली, टाके कसे घातले, हे ओळीओळीने ताडून पाहा. साम्य खरोखरच असेल तर संपादकांना लहानसे पत्र लिहा : तुमच्या निबंधाचा पूर्ण संदर्भ, दोन्हींतील सारखेपणा आणि असलाच तर फरक, आणि शुद्धिपत्राची विनंती, एवढेच त्यात असावे, लेखकांच्या हेतूबद्दल एक शब्दही नको. बरीच नियतकालिके अशी पत्रे प्रकाशनानंतर काही आठवड्यांपर्यंतच छापतात, म्हणून उशीर करू नका. मुदत टळली असली तरी चुकीची दुरुस्ती मागता येते. मजकूर किंवा चित्रे उचललेली आढळली, तर ती पुराव्यासह संपादकांकडे स्वतंत्रपणे पाठवा.

पत्र धाडण्यापूर्वी मात्र तुमच्या पद्धतीचा शोध दुसऱ्या नावांनी आणि जुन्या अंकांतूनही घ्या, आणि तुमच्याही आधी कोणी ती वर्णिलेली सापडली, तर पत्रात पहिला उल्लेख त्यांचा करा.